पाव किलो झेंडू, मूठभर लोंब्या

घराच्या मुख्य दाराची चौकट बाहेरून मोजली तर सहसा साडेतीन फूट रुंद भरते, म्हणजे ४२ इंच. दर तीन इंचांवर आंब्याचं एक पान बांधलं तर १५ पानं लागतात आणि दोन पानांच्या मध्ये एक या हिशेबाने १४ झेंडू. मध्यम झेंडूचं फूल सात-आठ ग्रॅमचं असतं, तेव्हा सगळी फुलं मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम होतात. हा हिशेब सहसा कोणी करत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बुटीबोरीला वर्धा रोडच्या कडेला फुलांचे ढीग लागले की माणूस गाडी थांबवतो, भाव विचारतो, पाच रुपये कमी करायला लावतो आणि किलोभर झेंडू पिशवीत घालून निघतो. त्यातली काही दाराला लागतात, काही देवाला, काही मोटारसायकलला. उरलेली पिशवीतच घामेजून दुसऱ्या दिवशी काळी पडतात. फुलं पिकवणाऱ्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालण्यापेक्षा पाव किलो मागावं. खर्च चौथाईवर येतो आणि एका दाराला घालून फुलं उरतातसुद्धा.

फुलाला फूल भिडवून गच्च माळ ओवायची असेल तर मात्र गणित बदलतं. त्याच ४२ इंचांना पस्तीस-चाळीस फुलं लागतात, म्हणजे जवळजवळ तिप्पट. बाजारातलं तयार तोरण महाग वाटतं ते याच गच्चपणामुळे, आणि लांबून पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक फारसा कळत नाही. पानाची हिरवी पार्श्वभूमी मिळाली की विरळ फूल उलट अधिक उठून दिसतं.

कमी पैशात दार सजवायचं तर दोन गोष्टी ठाऊक हव्यात. त्या महिन्यात आपल्या आसपास काय पिकतंय, आणि ते तोडल्यावर, वाळल्यावर कसं वागतं. बुटीबोरी या दृष्टीने फार सोयीची जागा आहे. नागपूरच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, हैदराबादकडे जाणारा महामार्ग आणि वर्ध्याकडे जाणारा लोहमार्ग दोन्हींवरचं हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखलं जातं. पण कारखान्यांच्या भिंती संपल्या की लगेच वावरं सुरू होतात: पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, मध्येच संत्र्याचा बगीचा. पूर्वेकडे मौदा, कुही, रामटेकच्या बाजूला गेलं की धान. आणि खोल्या भाड्याने घेऊन राहणारे कामगार अनेक राज्यांतले, त्यामुळे एकाच चाळीतल्या चार दारांवर चार तऱ्हा दिसतात.

इकडे दाराच्या सजावटीचं वर्ष पोळ्यापासून सुरू होतं. श्रावण-भाद्रपदात पळस हिरवागार असतो. धुऱ्यावर, ओढ्याकाठी, पडीक जमिनीत कुठेही. पूर्व विदर्भात पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे घरातली ईडापीडा घेऊन जा म्हणत त्या गावाबाहेर नेऊन टाकतात. खर्च शून्य, आयुष्य एका रात्रीचं. गावाचं मोठं तोरण आखरावर बांधतात, त्याखाली बैलजोड्या उभ्या राहतात, झडत्यांची गाणी होतात, आणि तोरण तुटलं की पोळा फुटतो. दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा. वर्ध्याच्या वाटेवरच्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा लाकडी बैलांसाठी लांबलांबून लोक पाहायला येतात असा.

पळसाच्या पानाचं तोरणही होतं. पत्रावळ टाचतात तशी कडुनिंबाची किंवा बांबूची बारीक काडी घालून पानाला पान जोडत गेलं की हिरवी पट्टी तयार होते. पण पावसाळ्यातलं पळसाचं पान कोवळसर असतं, एका दिवसात मुरगळतं. दुसऱ्या सकाळी ते काढून टाकायचंच असतं म्हणून पोळ्याला चालतं. चार दिवस टिकवायचं असेल तर आंबा.

आंब्याच्या पानाची निवड रूढीने झाली असेल, पण ती अडाणी नाही. तोडलेलं पान मरतं ते मुख्यतः पाणी उडून गेल्याने, आणि पाणी उडतं ते पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, पर्णरंध्रांतून. आंब्याला ही रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात; वरची बाजू मेणचट आणि बंद. शिवाय पानात चिवट तंतू भरपूर असल्याने पाणी गेलं तरी पान लोंबत नाही, कडक होऊन आकार धरून राहतं. म्हणून दसऱ्याचं तोरण दिवाळीपर्यंत तपकिरी होतं, पण गळून पडत नाही. हे सगळं जून पानाबद्दल. तांबूस, चकचकीत कोवळी पालवी दिसायला सुंदर असते म्हणून मुलं नेमकी तीच तोडून आणतात. ती दुपारपर्यंत फडक्यासारखी होते. गडद हिरवी, दुमडताना किंचित करकरणारी पानं घ्यावीत, देठ तासभर पाण्यात ठेवावेत, आणि बांधण्याआधी पानं कोरडी पुसावीत. ओलं पान फुलाला चिकटलं की तिथे बुरशी धरते.

शहरात आंबा हाताशी नसला की अशोकाची पानं येतात. उंच, सरळ वाढणारं, लाटदार पानांचं जे झाड प्रत्येक सोसायटीच्या आणि कारखान्याच्या कुंपणालगत असतं ते. तो खरा सीताअशोक नव्हे, पण तोरणासाठी काही बिघडत नाही. तीन-चार दिवस पान तजेलदार राहतं.

आता ओवणं. सुई फुलाच्या देठातून वर, पाकळ्यांतून बाहेर काढली की हार होतो. तोरणात फुलाने समोर पाहायला हवं असेल तर सुई पाकळ्यांखालच्या हिरव्या पेल्यातून आडवी घालायची. हा पेला टणक असतो, दोरा त्यात घट्ट बसतो. पाकळ्यांतून घातलेला दोरा दोन दिवसांत सैल होतो, कारण झेंडूचं फूल म्हणजे एकाच पेल्यात दाटीने बसलेली शेकडो लहान फुलं असतात आणि त्यातलं प्रत्येक सुटं असतं. दोरा सुती घ्यावा. ओलाव्याने तो फुगतो आणि फूल सरकत नाही. नायलॉनवर सगळी फुलं मध्यभागी येऊन गोळा होतात आणि दोन्ही टोकं उघडी पडतात. पानासाठी जुनी रीत उत्तम आहे: टोक मागे वळवून देठाशी आणायचं, काडीने टाचायचं, आणि झालेल्या घडीतून दोरा न्यायचा. पान असं आत दुमडलं की त्याची रंध्रांची बाजूही झाकली जाते.

झेंडू इतका आपला वाटतो की त्याच्याशिवाय दसरा झाला असेल अशी कल्पनाच करवत नाही. पण हे झाड मूळचं मेक्सिकोचं. युरोपियांनी अमेरिका गाठल्यानंतर, पोर्तुगीजांच्या काळात ते इकडे आलं. त्याच्या मायदेशी १ आणि २ नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे, मृतांचा दिवस पाळतात आणि गेलेल्यांना घर सापडावं म्हणून दारापर्यंत याच केशरी पाकळ्यांची वाट घालतात. रंग टिकतो तो त्यातल्या ल्युटीन नावाच्या द्रव्यामुळे. कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क मिसळतात आणि अंड्याचा बलक पिवळाधमक होतो, तोही त्यानेच. गुलाब वाळला की काळवंडतो. झेंडू वाळला तर केशरीचा फक्त गेरू होतो. म्हणून वाळलेलं तोरणही दारावर वाईट दिसत नाही.

पैसे खरोखर वाचवायचे असतील तर वाळलेलं फूल टाकू नये. पाकळ्यांचा झुपका पेल्यातून उपटला की खाली काळ्या काड्यांसारखं बी निघतं. संकरित वाणाचं बी आईसारखं निघेल याची खात्री नाही. फूल लहान येईल, रंग फिका येईल. दाराच्या तोरणाला तेवढं पुरतं. पेरणीपासून फुलापर्यंत साधारण तीन महिने धरावेत: महिनाभर रोप, मग लावणी, मग दोन महिन्यांत फूल. दसरा तिथीप्रमाणे मागेपुढे होतो. २०२५ साली तो २ ऑक्टोबरला होता. तीन महिने मागे मोजलं की जुलैचा पहिला आठवडा येतो, ऐन पावसाची सुरुवात. लावणीनंतर झाड वीतभराच्या वर गेलं की शेंडा खुडावा. माळी हे सांगतात आणि लोकांना ते जिवावर येतं, पण खुडलेलं झाड फुटवे करून दुप्पट फुलं देतं. गॅलरीतल्या पाच-सहा कुंड्यांत एका दाराचं तोरण निघतं. पाण्याखेरीज खर्च नाही.

दसरा झाला की झेंडूचं काम संपतं आणि धानाचं सुरू होतं. कोकणात नवान्न पौर्णिमेला भाताची लोंबी, नाचणी, झेंडू असं आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला ‘नवं’ बांधतात. छत्तीसगडात लोंब्यांची विणलेली झालर दाराशी टांगतात, चिमण्यांनी दाणे टिपावेत म्हणून. नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग या दोन्हींच्या मधला, धानाचाच मुलूख. तरी शहरी घरांत लोंब्यांचं तोरण म्हणजे प्रदर्शनातून शे-दोनशे रुपयांना आणायची वस्तू होऊन बसली आहे. ते घरी करता येतं, आणि गोल करता येतं. गोल तोरण दाराच्या पल्ल्यावर बसतं, चौकटीला खिळे लागत नाहीत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला ही गोष्ट फार मोलाची.

गोलासाठी कडं लागतं. बाजारात तारेचं मिळतं, पण विकत घ्यायची गरज नाही. बुरडाच्या फाटक्या टोपलीचा काठ हे सर्वांत उत्तम कडं: गोल, हलकं, चिवट, आणि लोंबी अडकवायला आधीच फटी असलेलं. ते नसेल तर औद्योगिक वसाहतीत मालाच्या पेट्यांना बांधायची प्लास्टिकची हिरवी पट्टी कुठेही पडलेली असते. तिचे चार वेढे एकावर एक घालून सुतळीने आवळले की फूटभर व्यासाचं कडं होतं आणि ते पावसाने कुजत नाही. सळया बांधायची तार चालते, पण ती गंजते आणि पांढऱ्या दारावर डाग पाडते. वेल हवी असेल तर कडुनिंबावर चढलेली गुळवेल ओली असतानाच गुंडाळावी, वाळल्यावर वळवताना ती तुटते. गुळवेलीचा एक खोडकरपणा सांगितला पाहिजे. तोडलेली वेल सहजी मरत नाही. दारावर टांगलेल्या कड्याला दोन आठवड्यांनी हिरवी पानं फुटलेली पाहून घरातली म्हातारी माणसं फार खूश होतात.

फूटभर व्यासाच्या कड्याचा परीघ अडतीस इंच. दर अडीच-तीन इंचांवर एक झुपका धरला तर चौदा-पंधरा झुपके, झुपक्यात दहा लोंब्या, म्हणजे दीडशे लोंब्या. धानाच्या चांगल्या बांधीत एका चौरस मीटरला तीनशेच्या आसपास लोंब्या असतात. अर्थात आपलं सगळं तोरण अर्ध्या चौरस मीटर वावराचं आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडे मागितलं तर तो पैसे घेणार नाही, घ्यायला लावावेत.

लोंबी कधी कापायची यावर सगळं अवलंबून आहे. दाणा पिवळा झाला पण काडीत अजून हिरवट झाक आहे, तेव्हा. पूर्ण पिकली की दाणे झडतात आणि तोरण बांधेपर्यंत निम्मी लोंबी जमिनीवर. हलकं धान दिवाळीच्या सुमारास या अवस्थेत येतं, भारी धान त्यानंतर. काडी फूटभर ठेवून कापावी, झुपके उलटे टांगून सावलीत चार-पाच दिवस वाळवावेत. उन्हात वाळवलं तर सोनेरी रंग उडून लोंबी पांढरट होते. वाळलेली काडी वळवताना मोडते, म्हणून बांधण्याआधी तासभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. लोंबी बाहेर, काड्या आत. मग एक झुपका कड्यावर ठेवून सुतळीचे तीन वेढे, पुढच्या झुपक्याच्या लोंब्या आधीच्या काड्यांवर, पुन्हा तीन वेढे. सुतळी तोडायची नाही, एकच लांब धागा शेवटपर्यंत चालवायचा. शेवटचा झुपका पहिल्याच्या लोंब्या किंचित उचलून त्यांच्याखाली सरकवायचा. नवख्याचं तोरण इथेच कळतं, जोड उघडा दिसतो. तो लपेना तर त्यावर झेंडूची तीन वाळकी फुलं बांधावीत, आणि कोणी विचारलं तर मुद्दाम बांधली म्हणावं.

सुतळी अंबाडीची मिळाली तर पाहावी. विदर्भात तुरीच्या, पऱ्हाटीच्या कडेने अंबाडी लावण्याची रीत होती. भाजीला पानं, चटणीला बोंडं, आणि खोड पाण्यात कुजवून दोरखंडाला वाख. तिचा रंग धानाच्या काडीशी इतका मिळतो की गाठी दिसत नाहीत.

चिमण्या आल्या तर आठ दिवसांत तोरणाचा सांगाडा उरतो. त्यांना येऊ द्यायचं असेल तर व्हार्निश, चमकी, सोनेरी रंग काही लावू नये. येऊ द्यायचं नसेल तर तोरण घरात आतल्या भिंतीवर टांगावं आणि महिन्यातून एकदा कडक उन्हात ठेवावं, नाहीतर दाण्यातून पतंग निघतात.

लोंब्यांच्या जोडीला इथली खरी वस्तू म्हणजे कापसाचं बोंड. हिरव्या-तपकिरी कवचातून उमललेलं पांढरंशुभ्र बोंड, देठासकट. परदेशी सजावटीत अशा बोंडांच्या डहाळ्या विकत घेतात, आणि आपल्याकडे दिवाळीनंतर ती रस्त्याच्या दुतर्फा उभी असतात. पाच-सात बोंडं लोंब्यांच्या कड्यावर एका बाजूला बांधली की दुसरं काही लागत नाही. मात्र एक सावधगिरी हवी. नागपूरहून बुटीबोरीकडे येताना वर्धा रोडवर पांजरीला केंद्रीय कापूस संशोधन संस्था लागते. गुलाबी बोंडअळीने विदर्भाच्या कापसाची जी दशा केली, तिच्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. ही अळी हंगाम संपताना बोंडात, सरकीत लपून झोपी जाते आणि पुढच्या पिकाच्या वेळी पतंग होऊन बाहेर पडते. कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या मध्ये बसते. म्हणून पूर्ण उमललेलं, स्वच्छ बोंड घ्यावं. अर्धवट उघडलेलं, डागाळलेलं, एका पाकळीत आवळलेलं घेऊ नये. चार उन्हं द्यावीत. आणि तोरण उतरवल्यावर बोंडं कोपऱ्यात ठेवून न देता होळीत टाकावीत. दाराची हौस शेजारच्या वावराला महागात पडायला नको.

डिसेंबरात गोल तोरणाची मूळ जागा येते, नाताळ. नागपूर शहरात ख्रिस्ती वस्ती जुनी, आणि बुटीबोरीच्या पंचक्रोशीला तिचा एक दुःखद धागा चिकटलेला आहे. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने १८८३ साली सुरू झालं ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथून जवळच्या टाकळघाटला महापाषाणकाळातली दगडांची वर्तुळं पाहायला आले होते. परतताना ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री पुराने भरलेल्या ओढ्यात ते बुडाले. नागपूर विद्यापीठाने पुढे १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा इथे उत्खनन केलं आणि लोहयुगातल्या त्या वस्तीची माहिती मिळाली. विषयांतर झालं खरं, पण टाकळघाटच्या वाटेने जाताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

नाताळचं दारावरचं कडं युरोपात हिवाळ्यातही हिरव्या राहणाऱ्या सूचिपर्णी फांद्यांचं असतं. त्याचं एक भावंड जर्मनीतलं. योहान हिनरिख विकर्न नावाच्या पाद्र्याने १८३९ साली हॅम्बुर्गच्या आपल्या अनाथाश्रमात मुलांना नाताळ किती दिवसांवर आला ते कळावं म्हणून एका जुन्या गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांसाठी लहान लाल. हिरव्या फांद्या नंतर आल्या. बंडीचं मोडकं चाक अजून ज्यांच्या गोठ्यामागे पडून असेल त्यांना ही कल्पना सुचायला हरकत नाही.

आपल्याकडे पाइन नाही, म्हणून बहुतेक लोक प्लास्टिकचं हिरवं कडं आणतात. त्याऐवजी सुरूच्या डहाळ्या घ्याव्यात. बागेतल्या छाटणीत त्या फुकट मिळतात. निलगिरीची पानं वाळून करडी-निळी होतात, वास टिकतो. आणि फळ तर दाराशीच आहे. परदेशी चित्रांत असतात त्या संत्र्याच्या वाळलेल्या चकत्या नागपुरी संत्र्याच्या करायला गेलात तर फसाल. ज्या गुणांसाठी हे फळ नावाजलेलं आहे, २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, तेच इथे नडतात. साल सुटी, फोडी सुट्या, मध्ये पोकळी. चकती कापली की साल एकीकडे आणि फोडी दुसरीकडे. चकत्यांना मोसंबी घ्यावी. तिची साल गराला घट्ट धरून असते. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा थोड्या पातळ चकत्या कापून कापडाने रस टिपावा, जाळीवर पसरून उन्हात ठेवाव्यात, रोज उलटाव्यात. नागपूरकडचं डिसेंबरचं ऊन स्वच्छ आणि हवा कोरडी असते, चार-पाच दिवसांत चकत्या काचेसारख्या पारदर्शक होतात. रात्री मात्र आत घ्याव्यात, दव पडतं. भट्टीची गरज नाही, विजेचं बिल नाही.

संत्र्याचा उपयोग सालीत आहे. अंबिया बहाराचं संत्रं नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात येतंच. साल ओली असतानाच कात्रीने चांदण्या, पानं कापावीत, मध्ये सुईने भोक पाडून ठेवावं. वाळल्यावर भोक पाडायला गेलं की साल तडकते. सलग सोललेली लांब पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधली की गुलाबासारखी वाळते. फळ खाऊन झालेलं असल्याने याची किंमत लावायची कशी हा प्रश्न आहे.

प्लास्टिकच्या आणि कापडी फुलांच्या तोरणांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. त्यांचं केशरी फूल बहुधा पॉलिस्टरचं असतं, आणि पॉलिस्टर तर बुटीबोरीचंच पीक म्हणायला हवं. इंडोरामाच्या इथल्या कारखान्यात ते तयार होतं. दोनशेचं तोरण पाच वर्षं चाललं तर वर्षाला चाळीस रुपये पडले, हा हिशेब खोटा नाही. अडचण अशी की ते पाच वर्षं सजावट म्हणून चालत नाही. महामार्गालगतच्या घरात दोन महिन्यांत त्यावर धुळीचा थर बसतो, दक्षिणेच्या उन्हात वर्षभरात केशरीचा फिका गुलाबी होतो, आणि बारा महिने एकच गोष्ट दारावर असली की घरच्यांनाही ती दिसेनाशी होते. ज्यांना वेळच नाही, बारा-बारा तासांची पाळी आहे, त्यांनी खुशाल आणावं. फक्त सण झाला की उतरवून, साबणाच्या पाण्यात बुडवून, पिशवीत बंद करून ठेवावं. मग पाच वर्षांचा हिशेब खरा होईल.

टांगण्याबद्दल. खिळा ठोकायची परवानगी नसेल तर जाड सुती दोरी दाराच्या वरच्या कडेवरून आत घ्यावी आणि आतल्या कडीला बांधावी; दार लागलं की दोरी दाबून बसते. लोखंडी जाळीचं दार असेल तर प्रश्नच नाही. कडं अर्ध्या किलोच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर दार आपटताना ते उडतं आणि लोंब्या झडतात. मागे कापडाची घडी शिवली की दाराचा रंग खरवडत नाही.

शेवटचा सण गुढीपाडवा, आणि तोवर बुटीबोरीचं ऊन तापलेलं असतं. पळस रानभर फुललेला दिसतो म्हणून त्याची फुलं तोरणात घालायचा मोह होतो. घालू नयेत, ती दुपारपर्यंत काळी पडतात. पाडव्याचं तोरण आदल्या रात्री ओवून ओल्या फडक्यात ठेवावं आणि पहाटे बांधावं. कडुनिंबाचा मोहोर हवाच, पण तो झडतो म्हणून पानांच्या मागे. साखरेची गाठी दाराला लावणार असाल तर तिची दोरी कडुनिंबाच्या तेलाच्या बोटाने पुसून घ्या आणि चौकटीला टेकू देऊ नका, मुंग्या दोरीवरूनच येतात. दुपारी तोरण मुरगळलं तरी हरकत नाही. गाठी तोवर मुलांनी उतरवलेली असते.